रक्तक्षयावरील लोह व जीवनसत्त्व पूरके

रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रमाण आवश्यक पातळीपेक्षा कमी होण्याच्या स्थितीस रक्तक्षय (ॲनिमिया) किंवा पंडुरोग म्हणतात. सामान्यतः प्रौढ पुरुषांत १३, गर्भवती नसलेल्या स्त्रियांत १२ आणि गर्भवतींत ११ ग्रॅम प्रति डेसीलिटरपेक्षा कमी हिमोग्लोबिन असल्यास रक्तक्षय मानला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या. आधीच्या सर्वेक्षणात (२०१५-१६) हे प्रमाण ४८ टक्के होते. रक्तक्षयाचे प्रकार अनेक असल्याने कोणते पूरक द्यावे हे त्याच्या कारणावर अवलंबून असते.

प्रकार व उपचार

लोहाच्या कमतरतेमुळे होणारा रक्तक्षय सर्वाधिक आढळतो. यात तांबड्या पेशी लहान व फिकट होतात. अपुरा आहार, मासिक पाळीतील अतिरक्तस्राव, गर्भारपण आणि अंकुशकृमींचा संसर्ग ही त्याची प्रमुख कारणे आहेत. फेरस सल्फेटसारखे क्षार तोंडाने देणे हा पहिला उपचार होय. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही शरीरातील लोहसाठा भरून येण्यासाठी गोळ्या साधारण तीन महिने चालू ठेवतात. गोळ्या सोसत नसल्यास अथवा रक्तक्षय तीव्र असल्यास शिरेवाटे लोह देतात.

फोलिक आम्ल किंवा ब-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यास पेशी आकाराने मोठ्या होतात. ब-१२ मुख्यतः प्राणिज पदार्थांतून मिळत असल्याने शाकाहारी व्यक्तींत त्याची कमतरता अधिक आढळते. पुणे परिसरातील ग्रामीण, झोपडपट्टीतील व मध्यमवर्गीय पुरुषांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत ब-१२ कमी आढळले. ब-१२ कमी असताना केवळ फोलिक आम्ल दिल्यास रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते. त्यामुळे अशा रुग्णास ब-१२ गोळी किंवा इंजेक्शनद्वारे देणे आवश्यक असते.

सिकलसेल व थॅलेसेमिया हे आनुवंशिक विकार असून ते लोहाच्या गोळ्यांनी बरे होत नाहीत. महाराष्ट्रात सिकलसेल विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत विशेष आढळतो. त्याच्या रुग्णांना फोलिक आम्ल दिले जाते. थॅलेसेमियात वारंवार रक्त द्यावे लागल्याने शरीरात लोह साचते. म्हणून या विकारांत लोहाची कमतरता तपासणीने सिद्ध झाल्याशिवाय लोह देत नाहीत.

मुंबईतील संशोधन

फोलिक आम्लाच्या शोधाचा आरंभ मुंबईत झाला. इंग्लिश रक्तविज्ञानतज्ज्ञ लूसी विल्स १९२८ मध्ये गर्भवतींमधील तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास करण्यासाठी येथे आल्या. गरीब स्त्रियांच्या निकस आहाराशी या रोगाचा संबंध असल्याचे त्यांना दिसले. यीस्टचा अर्क (मार्माइट) दिल्यावर रुग्ण बरे होतात, हे निष्कर्ष त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. अर्कातील तो अज्ञात घटक 'विल्स घटक' म्हणून ओळखला गेला. तोच पुढे फोलिक आम्ल असल्याचे निष्पन्न झाले. फोलिक आम्लाला हे नाव १९४१ मध्ये मिळाले, तर ब-१२ जीवनसत्त्व १९४८ मध्ये वेगळे करण्यात आले.

शासकीय कार्यक्रम

भारतात रक्तक्षय प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. २०१८ पासूनच्या 'ॲनिमिया मुक्त भारत' मोहिमेत प्रतिबंधासाठी पुढील मात्रा ठरविल्या आहेत :

• ६ ते ५९ महिने : आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर औषध (२० मिलिग्रॅम लोह)
• ५ ते ९ वर्षे : आठवड्यातून एक गुलाबी गोळी (४५ मिलिग्रॅम)
• १० ते १९ वर्षे : आठवड्यातून एक निळी गोळी (६० मिलिग्रॅम)
• गर्भवती व स्तनदा माता : रोज एक लाल गोळी (६० मिलिग्रॅम), गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस व प्रसूतीनंतर १८० दिवस

या सर्वांत फोलिक आम्लही असते. त्यासोबत वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी दिली जाते. गोळ्यांचे वाटप शाळा, अंगणवाडी, आशा स्वयंसेविका व आरोग्य उपकेंद्रांमार्फत होते.

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात तलवाडा हे गाव आहे. या जिल्ह्यातून हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. एका हंगामाचा काळ गर्भवतीसाठी ठरविलेल्या १८० दिवसांच्या जवळपास जातो. त्यामुळे नोंदणी गावी आणि वास्तव्य फडावर अशा स्थितीत गोळ्या व तपासण्या खंडित होण्याचा धोका राहतो. निघण्यापूर्वी पुरेशा गोळ्या आणि माता-बाल आरोग्याचे कार्ड सोबत घेतल्यास फडाजवळच्या आरोग्य केंद्रात उपचार चालू ठेवणे सोपे होते.

सेवन व खबरदारी

लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते. चहा, कॉफी व कॅल्शियममुळे ते घटते. म्हणून गर्भवतींनी लोह व कॅल्शियमच्या गोळ्या वेगवेगळ्या वेळी घ्याव्यात. गोळी चालू असताना शौचाचा रंग काळा होणे अपायकारक नाही. मळमळ व बद्धकोष्ठता हे नेहमीचे दुष्परिणाम असून गोळ्या मध्येच सोडण्याचे ते एक मुख्य कारण आहे. लहान मुलांनी अनेक गोळ्या एकदम गिळल्यास प्राणघातक विषबाधा होऊ शकते. त्यामुळे त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.