इंदूर नगरविकास आराखडा आणि सांवेर
इंदूरच्या होळकर दरबारासाठी नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये दोन खंडांत मांडलेला अहवाल हा इंदूरच्या नगरनियोजनाचा पाया. सरसकट पाडापाड न करता जुन्या वस्त्या जागच्या जागी सुधाराव्यात, नद्या स्वच्छ ठेवाव्यात, हा त्याचा गाभा. तो अहवाल लहान शहरासाठी होता, म्हणून कालबाह्य ठरला, असा आक्षेप घेतला जातो. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १९ लाखांवर होती, हे खरेच. पण जुना झाला तो नकाशा, पद्धत नव्हे. नदीच्या बाबतीत तर ती आजही लागू पडते. खान नदी इंदुरातून सांवेर तालुक्यात उतरते आणि उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. शहराचे सांडपाणी वरच्या अंगाला सुटले की झळ खालच्या गावांना लागते. म्हणून इंदूरच्या २०२१ पर्यंतच्या विकास आराखड्याची फेरमांडणी पालिकेच्या हद्दीपुरती नको, नदीच्या साऱ्या खोऱ्याची हवी. सांवेरकरांचे म्हणणे तीत आधी ऐकले जावे.