विद्युत् प्रवाहामुळे निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र

तारेतून विद्युत् प्रवाह वाहू लागला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. सरळ तारेच्या क्षेत्ररेषा तिला वेढणारी समकेंद्री वर्तुळे असतात. उजव्या हाताचा अंगठा प्रवाहाच्या दिशेने ठेवून मूठ वळवली, तर बोटे क्षेत्राची दिशा दाखवतात.

शोध : तारेजवळची होकायंत्राची सुई प्रवाहामुळे वळते, हे कोपनहेगनच्या हान्स क्रिस्तियन ओर्स्टेड यांनी २१ जुलै १८२० रोजी प्रसिद्ध केले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये बायो आणि सावार यांनी मोजमापे करून लांब सरळ तारेचे क्षेत्र अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते, असे दाखवले. त्यावरून तारेच्या प्रत्येक सूक्ष्म तुकड्याचा प्रभाव अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असला पाहिजे, हा निष्कर्ष लाप्लास यांनी काढला.

आकडेमोड : बायो-सावार नियमानुसार सूक्ष्म तुकड्याचे क्षेत्र प्रवाह, तुकड्याची लांबी आणि तुकडा व त्याला क्षेत्र काढायच्या बिंदूशी जोडणारी रेषा यांतील कोनाची ज्या यांच्या सम प्रमाणात असते. सर्व तुकड्यांच्या क्षेत्रांची सदिश बेरीज, म्हणजे समाकलन, केले की एकूण क्षेत्र मिळते. लांब सरळ तारेसाठी उत्तर सुटसुटीत येते : अँपिअरमधील प्रवाहाला ०.२ ने गुणून मीटरमधील अंतराने भागावे. क्षेत्र मायक्रोटेस्लामध्ये मिळते. १० अँपिअर वाहणाऱ्या तारेपासून ५ सेंमी. वर ते ४० मायक्रोटेस्ला असते. मुंबई परिसरात भूचुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटकही जवळपास एवढाच आहे. म्हणून अशी तार होकायंत्राला सहज चुकवते. तीच तार वर्तुळाकार वळवली, तर केंद्रावरील क्षेत्र त्रिज्येइतक्या अंतरावरील सरळ तारेच्या क्षेत्राच्या सुमारे ३.१४ पट होते.

व्यावहारिक महत्त्व : जाणारा व परतणारा प्रवाह शेजारशेजारच्या तारांतून वाहिला, तर त्यांची क्षेत्रे दूरवर एकमेकांना जवळजवळ रद्द करतात. विजेच्या ट्रॅममध्ये मात्र परतीचा काही प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपतो आणि ही भरपाई अपुरी पडते. भरपाई न झालेला १०० अँपिअरचा प्रवाह सरळ तारेच्या सूत्राने १ किमी. वर २० नॅनोटेस्ला क्षेत्र देतो. चुंबकीय वेधशाळेच्या नाजूक नोंदी बिघडवायला एवढे पुरेसे असते. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार म्हणून तिथल्या कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय वेध १९०४ मध्ये अलिबागला सुरू करण्यात आले. चुंबकीय वेधशाळेची जागा ठरवताना आसपासच्या प्रवाहांचा हा हिशेब आधी मांडावा लागतो.