गाळस्तंभ आणि सागरी आक्रमक जाती

गाळस्तंभ म्हणजे समुद्रतळ, खाडी किंवा नदीमुख यांच्या गाळात पोकळ नळी उभी रोवून थरांचा क्रम न मोडता काढलेला दंडगोलाकार नमुना. जहाजांचा तोल राखण्यासाठी टाक्यांत भरलेल्या बॅलास्ट पाण्यातून किंवा कालवपालनातून परक्या किनाऱ्यावर पोहोचून तेथील जीवसृष्टीला बाधक ठरणाऱ्या आक्रमक जातींचा इतिहास अशा नमुन्यांवरून जुळवता येतो. कारण एखादी जाती प्रथम नजरेस पडल्याचे वर्ष हेच तिच्या आगमनाचे वर्ष असते असे नाही.

शिंपले, फोरॅमिनीफेरा या एकपेशीय जीवांची कवचे आणि काही सूक्ष्म प्लवकांच्या पुटी, म्हणजे प्रतिकूल काळ निभावणाऱ्या जाड भित्तीच्या सुप्त अवस्था, गाळात टिकून राहतात. गेल्या सुमारे शंभर वर्षांतील थरांचे वय शिसे-२१० या सुमारे २२ वर्षे अर्धायुष्य असलेल्या किरणोत्सर्गी समस्थानिकाच्या घटत्या प्रमाणावरून काढतात आणि अणुचाचण्यांतून पसरलेल्या, १९६३ च्या सुमारास सर्वाधिक साचलेल्या सीझियम-१३७ च्या थराशी ते पडताळून पाहतात.

दक्षिण टास्मानियात शिंपल्यांमार्फत माणसाला विषबाधा करणाऱ्या जिम्नोडिनियम कॅटेनेटम या डायनोफ्लॅजेलेटाच्या उद्रेकामुळे १९८६ मध्ये शिंपलेपालन केंद्रे बंद ठेवावी लागली होती. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गाळस्तंभांच्या अभ्यासात त्याच्या पुटी केवळ १९७० नंतरच्या थरांत आढळल्या, खालच्या थरांत नाहीत. त्यामुळे ही जाती तेथे अलीकडे बाहेरून आली, या मताला पुष्टी मिळाली.

उत्तर एड्रियाटिक समुद्रातील गाळस्तंभांनी आगमन आणि प्रस्थापन यांतील अंतरही दाखवले. उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील अनाडारा ट्रान्सव्हर्सा हे द्विपुट मृदुकाय १९७० च्या दशकातच तेथे पोहोचले होते. परंतु धातुप्रदूषणामुळे ते १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत प्रजननक्षम आकाराचे होऊ शकले नाही, आणि म्हणून त्याची नोंद होण्यास सुमारे २५ वर्षांचा विलंब झाला, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडले गेले.

तळात बिळे करणारे प्राणी आणि मासेमारीची ओढजाळी यांमुळे थर मिसळतात, त्यामुळे निव्वळ खोलीवर विसंबून न राहता शिंपल्यांचे वय किरणोत्सर्गी कार्बनाने स्वतंत्रपणे काढणे इष्ट असते. मृदू शरीराच्या जाती मात्र सहसा अवशेष मागे ठेवत नाहीत. म्हणून गाळस्तंभात एखादी जाती न आढळणे हा ती तेथे नव्हती याचा पुरावा ठरत नाही, आणि संग्रहालयांतील जुने नमुने व बंदरांतील सर्वेक्षणे यांच्या जोडीनेच त्याचा अर्थ लावावा लागतो.