वही पुढे सरकवणारा मित्र

शाळेत असताना दौंड रस्त्याने जाता-येता अरणगावजवळचं मेहेराबाद आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं आहे. १० जुलै १९२५ रोजी मेहेरबाबांनी तिथे मौन धरलं, ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवेपर्यंत. आधी ते लिहून सांगत. १९२७ मध्ये लिहिणंही थांबवलं आणि अक्षरांच्या फळ्यावर बोट फिरवू लागले. १९५४ मध्ये फळाही ठेवून दिला. उरल्या हाताच्या खुणा. त्या समजून घेणं हे समोरच्याचं काम होतं, आणि मंडळी ते आनंदाने करत.

कर्णबधिर मुलांना मात्र ही मोकळीक मिळाली नाही. १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरी भरलेल्या शिक्षण परिषदेने खुणांपेक्षा तोंडी बोलणं श्रेष्ठ ठरवलं आणि अनेक देशांतल्या शाळांतून खुणा हद्दपार झाल्या. त्याबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० ची व्हँकुव्हर परिषद उजाडावी लागली. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खुणांच्या भाषेला संवादाचं साधन म्हणून मान्यता दिली.

आपल्या वर्गातला तो कर्णबधिर मित्र आठवतो? त्याला थोडंफार बोलता यायचं, पण तो वही पुढे सरकवायचा. आपण हसून म्हणायचो, "तोंडाने सांग की!" बाबांचं न बोलणं आपल्याला व्रत वाटलं, त्याचं मात्र उणेपण. खरं तर निवड दोघांचीही होती.

या मेळाव्यात तो भेटला, तर वही-पेन आपणच पुढे करू या.