खानदेशचे प्रबंध आणि परमुलखातले चुंबक

जळगाव, धुळे, अमळनेर येथील महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत रसायनशास्त्राचे जे पीएच.डी. प्रबंध ठेवलेले असतात, त्यांपैकी एखादा उघडला तर बहुधा मजकुराच्या अधूनमधून किंवा अखेरीस काही आलेख आढळतात: तळाशी आडवी रेघ, तिच्यावर कोठे एकेकटे तर कोठे पुंजक्याने उभे राहिलेले सुळके, आणि रेघेखाली शून्यापासून दहाबारापर्यंत गेलेले आकडे. हे आलेख केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या, म्हणजे प्रयोगशाळेतील रोजच्या बोलण्यात एनएमआरच्या, यंत्रावर काढलेले असतात. आणि ते यंत्र दीर्घकाळपर्यंत मुंबईत, पुण्यात किंवा थेट चंदीगढला असे. पदार्थ खानदेशात सिद्ध व्हावा आणि त्याची ओळख शेकडो कोसांवरच्या चुंबकाने पटवावी, ही येथील रीत होती. या मुलखातील रसायनसंशोधनाचा इतिहास हा पुष्कळ अंशी या अंतराचा इतिहास आहे, आणि ज्यांनी ते अंतर चिकाटीने कापले त्यांची नोंद आपल्या विद्येच्या इतिहासात सन्मानाने व्हावयास हवी, असे मला मनापासून वाटते.

अंतराचा पहिला भाग राज्यकारभाराने घातलेला होता. १९०६ साली विस्तीर्ण खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, जळगाव व धुळे ही त्यांची ठाणी ठरली, परंतु पदवीची सनद १८५७ च्या मुंबई विद्यापीठाचीच राहिली. १९१६ मध्ये प्रतापशेठांच्या औदार्याने अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले आणि वेदान्ताच्या अभ्यासकांना तेथे आसरा मिळाला. भौतिक शास्त्रांच्या वाट्याला असे भाग्य लवकर आले नाही. १९४५ साली अमळनेरचे प्रताप महाविद्यालय आणि जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय सुरू झाले, १९४९ मध्ये पुणे विद्यापीठाची स्थापना होऊन दोन्ही खानदेश त्याच्या अधिकारक्षेत्रात गेले, आणि मग चार दशके संशोधनाचा अर्ज, मार्गदर्शकाची मान्यता व प्रबंधाची मंजुरी या तिन्ही गोष्टी पुण्याच्या कचेरीतून होऊ लागल्या. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा, म्हणजे पुष्कळ उशिरा, सनद घरी आली. २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते, आणि जळगाव व धुळ्याबरोबर १९९८ साली वेगळा झालेला नंदुरबार जिल्हाही त्याच्या कक्षेत आहे.

अंतराचा दुसरा भाग यंत्राच्या स्वभावातच होता. डिसेंबर १९४५ मध्ये हार्वर्ड येथे पर्सेल, टॉरी व पाउंड यांनी मेणात, आणि पुढच्याच महिन्यात स्टॅनफर्ड येथे ब्लॉख, हॅन्सेन व पॅकर्ड यांनी पाण्यात हायड्रोजनच्या केंद्रकांचे अनुस्पंदन प्रथम टिपले. त्याबद्दल ब्लॉख व पर्सेल यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हायड्रोजनचे केंद्रक स्वतः एक सूक्ष्म चुंबक असते. त्याला बलवान चुंबकक्षेत्रात ठेवले की ते एका ठराविक गतीने डोलू लागते, आणि त्याच कंप्रतेच्या रेडिओलहरी सोडल्या तर त्या शोषून घेते. भौतिकशास्त्रज्ञाला आरंभी एवढ्यावरच समाधान होते. परंतु केंद्रकाभोवतीचे इलेक्ट्रॉन त्याला बाहेरच्या क्षेत्रापासून थोडेसे झाकतात, हे आच्छादन रेणूतल्या प्रत्येक जागी निराळे असते, आणि म्हणून एकाच रेणूतील निरनिराळे हायड्रोजन किंचित निराळ्या कंप्रतेला उत्तर देतात, हे ध्यानात आले तेव्हा हे शास्त्र रसायनाच्या घरात आले. १९५१ साली स्टॅनफर्डमध्ये साध्या मद्यार्काचा आलेख काढला असता एका सुळक्याऐवजी तीन सुळके दिसले आणि त्यांची क्षेत्रफळे एकास दोन, दोनास तीन या प्रमाणात भरली, म्हणजे रेणूतील हायड्रोजनांची शिरगणतीच कागदावर उतरली. हे काम करणाऱ्या तिघांत आर्नोल्ड व पॅकर्ड यांच्याबरोबर एस. एस. धर्मट्टी हे भारतीय होते, आणि तेच पुढे स्वदेशी परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विद्येचे प्रवर्तक झाले. या शोधाच्या जन्मघटकेस आपल्याकडचा मनुष्य हजर होता, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांनी सांगितली पाहिजे तितकी सांगितलेली नाही.

मुंबईचे काम प्राधान्याने भौतिकाचे होते. खानदेशच्या रसायनविद्यार्थ्याचे नाते जडले ते पुण्याशी. तेथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सुखदेव यांच्या विभागात व्हेरियन कंपनीचे ए-६० हे साठ मेगाहर्ट्झचे यंत्र वापरात आले, आणि वनस्पतींतील राळ, तेल, सुगंधी द्रव्ये यांच्या रेणूंची घडण उलगडण्याच्या कामाला निराळीच गती मिळाली. तत्पूर्वी एखादा अपरिचित रेणू ओळखायचा म्हणजे तो पायरीपायरीने मोडायचा, प्रत्येक तुकडा परिचित पदार्थाशी ताडून पाहायचा आणि त्या तुकड्यांवरून मूळ रचना अनुमानाने बांधायची. यात द्रव्य संपे आणि वर्षेही जात. नव्या यंत्रात काही मिलिग्रॅम द्रव्य पुरे, आणि तेही शाबूत परत मिळे. १९७२ साली पाटील, नायक व सुखदेव यांचा गुग्गुळाच्या रसायनावरील लेख प्रसिद्ध झाला, तो या पद्धतीचे फळ होय.

गुग्गुळाचा विषय निघाला की खानदेशच्या वाचकाला सातपुड्यातील सालई आठवल्याशिवाय राहणार नाही. पावसाच्या ओढीने रखरखीत झालेल्या उतारांवरही हा वृक्ष तग धरतो, त्याच्या सालीला खाच दिली की सुगंधी डिंक पाझरतो, आणि भिल्ल व पावरा कुटुंबांच्या हातून तो बाजारात येतो. या सालई डिंकातील चार बॉस्वेलिक आम्लांचे वर्णन पार्धी व भट्टाचार्य यांनी १९७८ साली प्रसिद्ध केले आणि सूजनाशक औषधांच्या संशोधनात आज जगभर त्याचा हवाला दिला जातो. वृक्ष आमच्या डोंगरात, डिंक काढण्याचे कसब आमच्या आदिवासींचे, आणि रेणूची ओळख पटविणारे चुंबक सह्याद्रीपलीकडे! याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. मात्र १९७८ साली धुळ्याच्या एखाद्या विद्यार्थ्याने हाच डिंक हाती घेतला असता तर त्याची वाट किती खडतर झाली असती, याचा विचार मनात येतोच.

त्या वाटेची कल्पना यावी म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १९७० नंतरच्या दशकात मोठी उपकरणे सर्वांना खुली असावीत म्हणून प्रादेशिक केंद्रे स्थापण्याची तजवीज केली. पवईच्या आयआयटीत, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत, चंदीगढच्या पंजाब विद्यापीठात अशी केंद्रे सुरू झाली, आणि हशील भरून कोणालाही नमुना पाठविता येऊ लागला. विद्यार्थी पदार्थ तयार करी, पुनःपुन्हा स्फटिकीकरण करून शुद्ध करी, वितळणबिंदू घेई आणि कोरडे चूर्ण लहान कुपीत भरून, वर क्रमांकाची चिठ्ठी डकवून, विभागप्रमुखाच्या सहीच्या पत्रासह टपालाने रवाना करी. किंवा घाई असली तर स्वतःच रात्रीच्या गाडीने निघून जळगावहून सुमारे ४२० किलोमीटरवरची मुंबई गाठी. धुळेकराला त्यासाठी आधी चाळीसगावची शाखागाडी धरावी लागे. पदार्थ द्रावणात न पाठविता कोरडा पाठविण्यात शहाणपण होते. मोजणीसाठी साधे क्लोरोफॉर्म चालत नाही, कारण त्यातला हायड्रोजन स्वतःच बोलू लागतो. त्याच्या जागी जड हायड्रोजन घातलेले महागडे क्लोरोफॉर्म लागते. आणि आलेखावर शून्याची खूण ज्यावरून ठरते ते टेट्रामिथिलसिलेन सुमारे २७ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणजे पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या जळगावच्या वैशाखात बाटलीचे बूच काढताच ते उडून जावयाचे.

मग प्रतीक्षा सुरू होई. आठवडे जात, कधी महिने. आणि लिफाफा आला की मार्गदर्शक व विद्यार्थी पट्टी-पेन्सिल घेऊन बसत. हा सुळका सातच्या आसपास आहे, म्हणजे बेंझीनच्या कड्याचा; हा साडेतीनच्या पुढे एकटा व उंच, तो ऑक्सिजनला जोडलेल्या मिथिल गटाचा; हा पसरट, दहाच्या पलीकडचा, कदाचित हायड्रॉक्सिलचा, पण खात्री करावयाची तर नमुन्यात जड पाण्याचे थेंब घालून पुन्हा आलेख काढावा लागणार, कारण खरा हायड्रॉक्सिल असेल तर तो जड पाण्याशी अदलाबदल करून नाहीसा होईल. केंद्राजवळच्या विद्यार्थ्याला ही शंका त्याच दुपारी फेडता येई. खानदेशच्या विद्यार्थ्याला तिच्यासाठी दुसरी कुपी, दुसरे पत्र आणि दुसरी प्रतीक्षा. त्यामुळे येथे एक चांगली सवय सक्तीने अंगी बाणली: नमुना पाठविण्यापूर्वी तो शुद्ध आहे की नाही हे पुरते तपासावयाचे, आणि आलेखात काय दिसावे याचे अनुमान आधीच लिहून ठेवावयाचे.

मोठ्या केंद्रांत मधल्या काळात पुष्कळ घडले. जानेवारी १९७४ मध्ये चुंबकीय अनुस्पंदनाचे पाचवे आंतरराष्ट्रीय संमेलन मुंबईत भरले व चुंबकीय प्रतिमांचे जनक लाउटरबर यांचे व्याख्यान तेथे झाले. १९८३ साली टाटा संस्थेत पाचशे मेगाहर्ट्झचे राष्ट्रीय केंद्र उभे राहून प्रथिने व न्यूक्लिइक आम्ले यांच्या रचनांचा अभ्यास सुरू झाला. त्या चुंबकाच्या गुंडाळ्या उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडालेल्या ठेवाव्या लागतात. ज्या जिल्ह्यांत भारनियमनाच्या वेळापत्रकावर पाण्याचे पंप चालत, तेथे असे यंत्र सांभाळणे किती अवघड, हे वेगळे सांगावयास नको.

खानदेशातून चुंबकापर्यंत झालेल्या नमुन्यांच्या या प्रवासाचे कागद आता विरत चालले आहेत. जुने आलेख ज्या लांबरुंद छापील कागदांवर निघत त्यांची शाई फिकी पडते, विभागांची आवकजावक रद्दीत जाते, सेवानिवृत्त प्राध्यापकांच्या कपाटांतील पत्रव्यवहार त्यांच्याबरोबर नाहीसा होतो. ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२६ च्या अखेरीस देह ठेवला आणि जेथे त्यांच्या दप्तराचे जतन त्यांच्या नावाच्या मंडळाने केले, त्या धुळ्याला कागदाची किंमत कोणी शिकवावी असे नाही; विज्ञानाचे कागदही त्याच आस्थेने एकत्र करावेत, त्यांवर कोणी कोठे केव्हा काय पाठविले याची टिपणे जोडावीत, एवढीच माझी विनंती आहे.

जीवशास्त्राच्या बाजूने पाहता या विद्येचा खानदेशशी संबंध आणखी निकटचा आहे. हा तेलबियांचा मुलूख. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रातून निघालेले जेएल-२४ हे भुईमुगाचे वाण १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून दूरदूरच्या प्रांतांत पेरले गेले. पैदासकाराची जुनी अडचण अशी की बियांत तेल किती हे पाहावयाचे तर त्या कुटून, विद्रावकात तासन्‌तास उकळून तेल काढावे लागे, आणि मोजलेले बी पेरण्यास उरत नसे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील तिवारी, गंभीर व राजन यांनी १९७४ साली स्पंदयुक्त अनुस्पंदनाने बी न फोडता तेल मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिचे मर्म असे की पिष्ट आणि प्रथिने यांतील बांधलेल्या हायड्रोजनांचा संकेत क्षणार्धात विझतो, तेलातील मोकळ्या हायड्रोजनांचा त्यामानाने टिकतो. बी आधी नीट वाळवून पाण्याचा संकेत दूर केला की थोड्या विलंबाने मोजलेला आकडा तेलाचा. उत्तम ठरलेला तोच दाणा मग शेतात टाकता येतो. या कामाला द्रवरूप हेलियमही लागत नाही. मेजावर मावणारे लहानसे कायमचे चुंबक पुरते, आणि तसल्याच यंत्रावर परदेशांत केळ्याच्या पिकण्यातील पिष्टाचे साखरेत होणारे रूपांतरही, गरातील पाण्याच्या बदलत्या मोकळेपणावरून, अभ्यासले गेले आहे. तापीकाठची केळी, जळगावचा भुईमूग व तीळ आणि सातपुड्याची सालई एवढी सामग्री ज्या विद्यापीठाच्या कक्षेत एकवटली आहे, तेथील पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने विषयासाठी दूर पाहण्याचे कारण नाही, आणि आता चुंबकासाठीही पूर्वीइतके दूर जाण्याचे कारण उरलेले नाही.