टँकच्या पोटाखाली

नवशिक्यांना जमेल असा म्हणून मागवलेला प्लॅस्टिकचा टँक निघाला स्टुअर्ट. अमेरिकी, हलका, चार माणसांचा, ३७ मिलिमीटरची तोफ. १:३५ प्रमाणात वीतभरही नाही. वरठीत घरून काम सुरू होतं तेव्हाची गोष्ट. दिवसा कोड, रात्री निपरने चौकटीतून सुटे भाग कापायचे, कडा घासायच्या आणि गोंद लावायचा. बाहेर भंडारा रोड स्टेशनवरून मालगाडी गेली की चाकं चिकटवणारा हात थांबायचा. (स्टेशनचं नाव भंडारा रोड असलं तरी ते आहे आमच्या वरठीत. बाहेरच्यांना हे दरवेळी सांगावं लागतं.)

माहितीपत्रकात सगळ्या बाजूंचे रंग दिले होते, फक्त तळाचा नव्हता. खालून कोण पाहतंय? गंमत म्हणजे हे १:३५ प्रमाणच पोटातून आलेलं आहे. जपानच्या तामिया कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पँथर टँकचं मॉडेल काढलं, तेव्हा आत मोटार आणि बॅटऱ्या मावतील एवढा आकार घेतला. तो भरला साधारण १:३५. पुढे जगभरच्या कंपन्यांनी तेच माप धरलं. त्या काळच्या संचांच्या तळाला स्विचसाठी भोकंही असत.

पण हा स्टुअर्ट आपल्याकडे कुठे लढला, हे शोधताना मी टँकवरून एका माणसावर येऊन पोचलो. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, बॉम्बे इंजिनिअर्स. गाव कारवारजवळचं चेंडिया.

एप्रिल १९४८. राजौरी गाठायची होती आणि नौशेऱ्याहून जाणारा डोंगरी रस्ता सुरुंगांनी आणि अडथळ्यांनी भरलेला. ८ तारखेला सकाळी ११ वाजता राण्यांची तुकडी सव्विसाव्या मैलाजवळ टँकांपाशी थांबली असताना उखळी तोफांचा मारा झाला. दोघे ठार, पाच जखमी. जखमींत स्वतः राणे. त्यांनी उरलेल्यांना गोळा केलं आणि काम सुरू केलं ते रात्री १० पर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ला पुन्हा. टँकांसाठी वळणरस्ता, मग पाडलेली पाइनची झाडं सुरुंगाने उडवणं, मग उद्ध्वस्त मोरी, मग पुन्हा झाडं. ११ तारखेला चिंगसपर्यंतचा रस्ता मोकळा झाला आणि १२ ला फौज राजौरीत पोचली. राण्यांना परमवीर चक्र मिळालं.

एक प्रसंग सन्मानपत्रात नाही, पण त्यांच्याविषयीच्या लेखनात हमखास येतो. गोळीबारात पुढे जाता येईना, तेव्हा राणे पुढच्या टँकच्या पोटाखाली शिरले आणि टँकच्या वेगाने सरपटत राहिले. वर चालकाला खुणा करायला दोन दोर होते.

हे वाचल्यावर मी माझं मॉडेल उचललं आणि खाली पेन्सिल सरकवून पाहिली. सहज गेली. वर फारशी जागा उरली नाही. सेंटीमीटरभराला पस्तिसाने गुणा, हातभरही भरत नाही. दोन्ही बाजूंना फिरणारे पट्टे, वर इंजिनाची धग, समोर सुरुंग. टँकची चर्चा आपण नेहमी तोफ नि चिलखताच्या आकड्यांत करतो. मीही तसाच होतो. राजौरीच्या रस्त्यावर मात्र टँकचं घोडं अडलं होतं आणि ते सोडवत होता जमिनीवर पालथा पडलेला माणूस.

स्फोटकं हाताळणारी माणसं आमच्यासाठी दूरची नाहीत. आमच्याच जिल्ह्यात जवाहरनगरची आयुध निर्माणी आहे. २४ जानेवारी २०२५ ला तिथल्या स्फोटात आठ जण गेले. त्या दिवसानंतर काही आठवडे मी टेबलावरच्या खोक्याला हात लावला नाही. सोबतचे छोटे तोफगोळे तर चौकटीतच राहिले, अजून तसेच आहेत.

राणे १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ मध्ये पुण्यात वारले. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे. भारतीय नौवहन महामंडळाने एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव दिलं होतं. टँकर, म्हणजे शब्दापुरती का होईना, टँकची सोबत सुटली नाही.

शेवटी मी तळ रंगवला. आधी हिरवा, मग ओल्या मातीचा तपकिरी, पट्ट्यांच्या आतल्या बाजूला सुकी धूळ. सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. टँक शोकेसमध्ये कुशीवर ठेवलाय. घरी येणारा प्रत्येक जण तो उचलून सरळ करतो आणि तो गेला की मी पुन्हा आडवा करतो.