विकास बँकांचे कर्ज : आखणी दिल्लीत, मंजुरी परदेशात, रूळ बदलापुरात

खास प्रतिनिधी

बदलापूर : मागून येणारी मेल-एक्स्प्रेस पुढे काढण्यासाठी लोकल थांबवली, की फलाटावर रेल्वेच्या नावाने बोटे मोडली जातात. दुखणे मात्र वेळापत्रकापेक्षा जुने आहे. कल्याणच्या पुढे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या मार्गावर वर्षानुवर्षे दोनच रूळ होते. त्याच रुळांवरून कर्जतच्या लोकल, पुण्याकडील आणि दक्षिणेकडील गाड्या आणि मालगाड्या धावत आल्या. कुळगाव-बदलापूर नगर परिषदेच्या हद्दीतील लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ९७ हजार ९४८ होती. २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजार २२६ झाली. माणसे वाढली, रूळ वाढले नाहीत.

या मार्गावरील तिसऱ्या व चौथ्या रुळाला मंजुरी मिळाली ती मार्च २०१९ मध्ये. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या, म्हणजेच एमयूटीपीच्या, '३-अ' टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. सुमारे ३३ हजार ६९० कोटी रुपयांच्या या टप्प्यात कल्याण ते बदलापूर या सुमारे १४ किलोमीटरच्या मार्गाचा समावेश झाला. खर्चाचा काही भाग बहुपक्षीय विकास बँकांच्या कर्जातून उभा करण्याचे नियोजन होते. 'परदेशी बँकेचे कर्ज' हे शब्द वृत्तपत्रांत नेहमी वाचायला मिळतात. तथापि हे कर्ज कोण ठरवते, ते कोणत्या मार्गाने येते आणि ते फेडतो कोण, याची माहिती सहसा एकत्र सापडत नाही. ती येथे दिली आहे.

पहिले कर्ज रेल्वेसाठीच

दुसरे महायुद्ध संपत आले असताना जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांची परिषद झाली. तीतून जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या दोन संस्था जन्माला आल्या. भारत दोन्हींचा संस्थापक सदस्य आहे. स्वतंत्र भारताने १९४९ मध्ये जागतिक बँकेकडून पहिले कर्ज घेतले. ३ कोटी ४० लाख डॉलरचे ते कर्ज रेल्वेसाठीच होते.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात परकीय चलनाची तीव्र टंचाई निर्माण झाली, तेव्हा १९५८ मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने धनको देशांचा 'भारत साहाय्य गट' स्थापन झाला. १९६० मध्ये गरीब देशांना अल्प खर्चात दीर्घ मुदतीचे कर्ज देणारी आंतरराष्ट्रीय विकास संस्था (आयडीए) सुरू झाली. अनेक दशके भारत हा तिचा मोठा ऋणको होता. दरडोई उत्पन्न वाढल्यामुळे २०१४ मध्ये भारत या सवलतीच्या खिडकीतून बाहेर पडला. संक्रमणकाळासाठीचे साहाय्य तेवढे पुढे काही काळ मिळाले.

१९६६ मध्ये मनिला येथे आशियाई विकास बँक सुरू झाली. भारताने तिच्याकडून कर्ज घेण्यास १९८६ मध्ये सुरुवात केली. 'ब्रिक्स' देशांच्या शांघायस्थित न्यू डेव्हलपमेंट बँकेने २०१५ मध्ये, तर बीजिंगस्थित आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेने २०१६ मध्ये काम सुरू केले. या दुसऱ्या बँकेत चीनखालोखाल सर्वांत मोठा भागधारक भारत आहे. म्हणजे भारत या बँकांचा केवळ ऋणको नाही, मालकांपैकी एकही आहे.

आधी देशाचा आराखडा, मग प्रकल्प

प्रत्येक प्रकल्पासाठी बँकेचे दार स्वतंत्रपणे ठोठावले जाते, असा समज आहे. प्रत्यक्षात आधी देशाचा आराखडा ठरतो. जागतिक बँक दर काही वर्षांनी प्रत्येक ऋणको देशासाठी असा आराखडा तयार करते. पूर्वी त्यास 'देश साहाय्य धोरण' म्हणत, पुढे 'भागीदारी आराखडा' हे नाव आले. देशाची आर्थिक स्थिती, परतफेडीची क्षमता, सरकारचे अग्रक्रम, आधीच्या कर्जांचे काय झाले, या बाबी तपासून पुढील चार-पाच वर्षांत कोणत्या क्षेत्रांना साधारण किती कर्ज द्यावे याचा अंदाज त्यात बांधला जातो. सप्टेंबर २०१८ मध्ये मंजूर झालेल्या भारतविषयक आराखड्यात पाच वर्षांसाठी २५ ते ३० अब्ज डॉलरचे साहाय्य अपेक्षित धरले होते.

आराखड्यातील आकडा म्हणजे कर्जाची हमी नव्हे. पण कोणत्या क्षेत्रासाठी बँकेचे दार उघडे आहे, हे त्यावरून कळते. अग्रक्रमाच्या यादीत नसलेल्या क्षेत्राच्या प्रस्तावाला, तो कितीही निकडीचा असला, तरी ताटकळावे लागू शकते.

प्रस्तावाचा प्रवास

राज्यघटनेच्या २९३ व्या कलमानुसार राज्यांना देशांतर्गतच कर्ज उभारता येते. त्यामुळे महाराष्ट्र सरकार थेट वॉशिंग्टन किंवा बीजिंगशी कर्जाचा करार करून ऋणको होऊ शकत नाही. नगर परिषदेचा तर प्रश्नच नाही. परदेशी कर्जाचा ऋणको केंद्र सरकार असते आणि त्याचे दार म्हणजे अर्थ मंत्रालयाचा आर्थिक व्यवहार विभाग.

राज्य किंवा संबंधित मंत्रालय प्राथमिक अहवाल या विभागाकडे पाठवते. तेथे छाननी होऊन तो योग्य त्या बँकेपुढे मांडला जातो. मग बँकेची पथके येतात. सविस्तर प्रकल्प अहवाल, आर्थिक लाभाचा हिशेब, पर्यावरणीय व सामाजिक परिणामांचा अभ्यास, विस्थापितांच्या पुनर्वसनाचा आराखडा, खरेदीचे नियम या सर्व गोष्टी तपासल्या जातात. त्यानंतर वाटाघाटी, बँकेच्या संचालक मंडळाची मंजुरी आणि शेवटी करारावर सह्या. या प्रवासाला वर्ष-दीड वर्ष सहज लागते.

करार झाला म्हणजे पैसा खात्यात जमा झाला, असेही नाही. बहुधा आधी खर्च करावा लागतो; मग हिशेब सादर केल्यावर बँक ठरलेल्या वाट्याची रक्कम देते. काम रखडले की पैसाही रखडतो. मंजूर पण न उचललेल्या रकमेवर अनेक कर्जांत 'बांधिलकी आकार' द्यावा लागतो. म्हणजे रखडलेल्या प्रकल्पात न वापरलेल्या पैशाचेही मोल मोजावे लागते.

मुंबईचा अनुभव

उपनगरी रेल्वेच्या विस्तारासाठी जुलै १९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले. त्यात रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के, तर राज्याचा ४९ टक्के आहे. जून २००२ मध्ये जागतिक बँकेने एमयूटीपीच्या पहिल्या टप्प्यासाठी ५४ कोटी २० लाख डॉलर मंजूर केले. त्यापैकी ४६ कोटी ३० लाख बँकेचे नेहमीचे कर्ज, तर ७ कोटी ९० लाख आयडीएचे सवलतीचे कर्ज होते. नव्या लोकल गाड्या, वाढीव रूळ, जोगेश्वरी-विक्रोळी आणि सांताक्रूझ-चेंबूर हे जोडरस्ते ही त्यातील प्रमुख कामे.

या प्रकल्पात सुमारे १ लाख २० हजार लोकांचे पुनर्वसन करायचे होते. रुळांलगतच्या झोपडीधारकांच्या स्थलांतरात 'स्पार्क' आणि राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ यांची मदत घेण्यात आली. रस्त्यांच्या कामात मात्र वाद पेटला. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यालगतच्या दुकानदारांनी व रहिवाशांनी २००४ मध्ये बँकेच्या तपासणी मंडळाकडे धाव घेतली. मंडळाने त्रुटींवर बोट ठेवले आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसन या भागांसाठीचा निधी थांबवला. राज्याने सुधारणा केल्यावर जूनअखेर तो पुन्हा सुरू झाला. बँकेचे साहाय्य २०११ मध्ये संपले. जोडरस्ता वाहतुकीस खुला झाला तो २०१४ मध्ये.

हे तपासणी मंडळ अस्तित्वात येण्यामागेही महाराष्ट्राशी जोडलेला एक संघर्ष आहे. सरदार सरोवरासाठी बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले होते. नर्मदाकाठची, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील ३३ गावे त्या धरणाच्या बुडीत क्षेत्रात येत होती. विस्थापितांच्या आंदोलनानंतर नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने १९९२ मध्ये पुनर्वसनावर कठोर ताशेरे ओढले आणि १९९३ मध्ये भारताने उर्वरित कर्ज नाकारले. त्याच वर्षी तपासणी मंडळ स्थापन झाले. बाधितांना बँकेकडे थेट दाद मागण्याचा जो हक्क कुर्ल्याच्या दुकानदारांनी वापरला, त्याची किंमत नर्मदाकाठच्या आदिवासींनी आधीच मोजली होती.

दुसऱ्या टप्प्यात २०१० मध्ये जागतिक बँकेने आणखी ४३ कोटी डॉलर दिले. ते प्रामुख्याने नव्या गाड्या आणि विद्युत प्रणालीच्या बदलासाठी होते. ठाणे-दिवा दरम्यानचा पाचवा-सहावा रूळ, ज्यावर बदलापूरकरांच्या गाड्यांचा वक्तशीरपणाही अवलंबून होता, रेल्वे व राज्याच्या निधीतून व्हायचा होता. तो पूर्ण झाला फेब्रुवारी २०२२ मध्ये. गाड्या कारखान्यातून येतात; रुळांना जमीन लागते आणि त्या जमिनीवर माणसे राहत असतात. एमयूटीपीच्या दोन दशकांतील बहुतेक विलंबांचे मूळ या एका वाक्यात आहे.

फेड कोण करतो?

ऑगस्ट २०२० मध्ये एमयूटीपीच्या तिसऱ्या टप्प्यासाठी आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेशी ५० कोटी डॉलरचा करार झाला. सुमारे ९९ कोटी ७० लाख डॉलरच्या त्या प्रकल्पात राज्याचा वाटा ३१ कोटी, तर रेल्वे मंत्रालयाचा १८ कोटी ७० लाख डॉलर ठरला. परतफेडीची मुदत ३० वर्षे असून त्यात पहिल्या पाच वर्षांची सवलत आहे. पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग, विरार-डहाणू चौपदरीकरण आणि ऐरोली-कळवा उन्नत जोडमार्ग ही त्यातील कामे. ऐरोली-कळवा मार्गामुळे कल्याण-बदलापूरकडील प्रवाशाला ठाण्याला गाडी न बदलता नवी मुंबई गाठता यावी, असा हेतू होता. त्यावरील दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. पुढील जोडणी कळव्यातील झोपडीधारकांच्या पुनर्वसनावर अडली.

ही रक्कम अनुदान नव्हे. १ एप्रिल २००५ पूर्वी केंद्र सरकार असे परदेशी कर्ज राज्यांना ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के अनुदान या स्वरूपात देत असे. बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर बहुतेक राज्यांना ते मूळ अटींवरच मिळू लागले. म्हणजे कमी व्याजाचा फायदा राज्याचा आणि रुपया घसरल्यास तोटाही राज्याचाच. २००२ मध्ये डॉलर साधारण ४९ रुपयांना होता. २०२० मध्ये तो ७४ रुपयांच्या आसपास गेला. तीस वर्षांच्या कर्जात ही घसरण व्याजदराइतकीच महत्त्वाची ठरते. प्रवासीही यात थेट वाटेकरी आहेत. उपनगरी तिकिटे व पासांवरील एमयूटीपी अधिभार हा याच प्रकल्पाच्या खर्चासाठी बसवण्यात आला.

मग अशी कर्जे घ्यावीत का? दीर्घ मुदत, सवलतीचा प्रारंभकाळ आणि तुलनेने कमी व्याज हे त्यांचे उघड फायदे. याहून मोठा फायदा शिस्तीचा आहे. पुनर्वसनाचा आराखडा आधी आणि बुलडोझर नंतर, हा क्रम मुंबईत बऱ्याच अंशी बँकेच्या अटींमुळे रुजला. मात्र त्या अटी पाळण्याची तयारी यंत्रणेकडे नसेल, तर त्याच अटी विलंबाचे कारण ठरतात आणि विलंबाचे व्याज आपणच भरतो.

बदलापूरकरांनी केव्हा बोलावे?

सार्वजनिक चर्चा बहुधा भूमिपूजनाच्या दिवशी सुरू होते. तोपर्यंत मार्ग, स्थानके, बाधितांची यादी आणि कर्जाच्या अटी ठरून गेलेल्या असतात. या बँकांच्या नियमांनुसार पर्यावरणीय व सामाजिक अभ्यासांचे अहवाल प्रसिद्ध करावे लागतात आणि बाधितांशी सल्लामसलत करणे बंधनकारक असते. सूचना व हरकतींना वजन असते ते याच टप्प्यावर. कोणाचे घर वा दुकान जाते, पर्याय कोठे मिळतो, अंबरनाथ-बदलापूर दरम्यानच्या प्रस्तावित चिखलोली स्थानकाला रस्ते कसे जोडणार, हे प्रश्न करारापूर्वी विचारायचे असतात.

उल्हास नदीचा प्रश्नही त्यातलाच. २६ जुलै २००५ च्या पुराने बदलापूरला झोडपले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका करावी लागली. त्याच वर्षी मार्चमध्ये मंजूर झालेल्या रुळांचे भराव आणि मोऱ्या पुराच्या पाण्याला वाट देणार की अडवणार, याचे उत्तर प्रकल्प अहवालातच शोधावे लागते.

करारानंतरही मार्ग पूर्ण बंद होत नाही. जागतिक बँकेचे तपासणी मंडळ आणि आशियाई पायाभूत सुविधा बँकेची बाधितांसाठीची तक्रार यंत्रणा उपलब्ध आहे. मात्र तेथे दाद मागता येते ती घडलेल्या किंवा संभाव्य हानीबद्दल. स्थानिक पातळीवर तक्रार केल्याची नोंदही दाखवावी लागते. तीस वर्षे फेडायच्या कर्जाची कागदपत्रे सहीपूर्वी वाचणे, हा त्याहून स्वस्त उपाय आहे.

काही संज्ञा

बहुपक्षीय बँक : अनेक देशांच्या मालकीची, सदस्य देशांच्या विकासकामांना कर्ज देणारी बँक.

सवलतीचा काळ : ज्या काळात मुद्दल फेडावे लागत नाही तो प्रारंभीचा अवधी, व्याज मात्र सहसा सुरू असते.

बांधिलकी आकार : मंजूर पण न उचललेल्या रकमेवरील शुल्क.

प्रतिपूर्ती : आधी खर्च करून नंतर बँकेकडून ठरलेला वाटा परत मिळवणे.